बुधाचा हुंकार

झुंबरबाई पडवीत फळी टाकायची. फळीवर ओलं फडकं, फडक्यावर निसणा, म्हणजे धार लावायचा दगड, आणि शेजारी पाण्याची वाटी. सगळं मांडून झालं की ती खाटेकडे बघायची. खाटेवर तिचा नवरा बुधा पडलेला असायचा. त्याची उजवी बाजू गेली होती. हात, पाय, अर्धं तोंड. बोलणंही गेलं होतं. दोनच आवाज मागे राहिले होते, एक 'हं' आणि एक 'नाय'.

ती कोयता दगडावरून पुढे सारायची. बुधा डोळे मिटून ऐकायचा.

"नाय."

ती पातं जरा उभं धरून पुन्हा सारायची.

"नाय."

"मंग झोपवू का आणखी? नुसतं नाय नाय काय करतोस?"

ती पातं झोपवायची. खरखर कमी होत जायची. वाटीतलं पाणी दगडावर शिंपडलं की आवाज ओला व्हायचा, मग बारीक, मग कापडावरून कापड ओढावं तसा. आणि मध्येच कुठल्यातरी फेऱ्याला खाटेवरून यायचं, "हं."

झुंबरबाई अंगठा धारेवर आडवा फिरवून बघायची. धार आलेली असायची. त्याची खूण एकदाही चुकली नव्हती.

पेठ तालुक्यातल्या त्या डोंगरातल्या पाड्यावर निम्म्या घरांचे कोयते कधीतरी बुधाच्या हातून धार लावून गेलेले होते. तो त्याचं काही घ्यायचा नाही, पण बोलणी मात्र सगळ्यांना खावी लागायची. "ह्यानं काय दगडं फोडलीस का रं?" असं म्हणूनच तो कोयता हातात घ्यायचा. त्याचे स्वतःचे कोयते दोन. एक जळणाचा, एक वईचा. वई म्हणजे शेताभोवतीचं जिवंत कुंपण, निरगुडीचं, करवंदीचं. जळणाच्या कोयत्याची धार जाड, कारण तिला सुकं लाकूड फोडायचं असतं. वईच्या कोयत्याची पातळ, लांबवर निजलेली, कारण तिला ओली साल न फाडता आत जायचं असतं. एकदा झुंबरबाईनं घाईत वईच्या कोयत्यानं चुलीपुरतं जळण तोडलं होतं, तर बुधा त्या दिवशी जेवला नव्हता.

तो वईचा कोयता त्यानं पेठच्या बाजारात घेतलेला. बाजाराच्या कडेला घिसाड्यांचं पाल पडायचं. नवरा सांडशीत तापलेलं पातं धरायचा आणि त्याची बायको सिंधुबाई उभ्यानं घण मारायची. बुधा तिथं उकिडवा बसला की उठायचं नाव नाही. एकेक पातं उचलायचं, पाठीवरून एक डोळा मिटून नजर टाकायची, वाक बघायचा, मग मूठ बसवायच्या शेपटीला धरून पात्यावर नखानं टिचकी मारायची आणि कानाला लावायचं. ठेवून द्यायचं. दुसरं घ्यायचं.

सिंधुबाईनं घण खाली टेकवला होता. "भाऊ, कोयता घेतोस का बायको? बायको बघायला तरी एवढा येळ लावला होतास का?"

"बायकोला वाजवून बघता येत नाय," बुधा म्हणाला. "म्हणून तर फसलो."

मागे टोपली घेऊन उभी असलेली झुंबरबाई म्हणाली, "फसला म्हणं! ह्याला पोरगी दिली कोणी ते इचार आधी."

सिंधुबाई हसत सुटली होती. शेवटी बुधाला जे पातं पटलं ते ट्रकच्या जुन्या पाट्याचं होतं. घरी आणून त्यानं त्याला तिवसाच्या लाकडाची मूठ बसवली. पुढं कितीतरी वर्षं तो कोयता त्याच्या कमरेच्या आकडीत असायचा, आणि वई घालायच्या दिवसांत झुंबरबाईच्या हातात. कारण घाव तिचा होता. धार त्याची.

वई घालायची म्हणजे नुसतं झुडूप छाटायचं नाही. वाढून उंच गेलेल्या निरगुडीचा सोट मुळाजवळ तिरका तोडायचा, पण पुरता नाही. साल आणि बोटभर लाकूड राखायचं. मग सोट हळू हळू आडवा निजवायचा आणि मधल्या खुंटांत गुंफायचा. तेवढ्या बोटभर लाकडावर तो जगतो. चैत्रात त्याच्या अंगावर रांगेनं उभे कोंब येतात आणि खालून वई अशी दाट होते की कोंबडीही आत जात नाही. झुंबरबाईचा घाव बरोबर तिथं थांबायचा. बुधा निजवायचा. वर्षाला एक बाजू, असं करत त्यांनी आपल्या डोंगरउताराच्या तुकड्याभोवतीची वई राखली होती.

"मला पण शिकव की धार लावायला," ती एकदा म्हणाली होती.

"तुझा हात घावाचा. दगडाला लावू नको," तो म्हणाला. तिनंही पुन्हा विचारलं नाही. गरज काय होती?

मग एका थंडीत दोघं दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला गेली. तिथं घडातले मणी विरळायला कात्री द्यायचे. बुधाला ती कात्री म्हणजे पोरखेळ वाटायचा. एका सकाळी ती कात्री त्याच्या हातातून पडली. त्यानं वाकून उचलली, पुन्हा पडली. झुंबरबाईला वाटलं, मुद्दाम करतोय. तिसऱ्यांदा तो स्वतःच वेलींखाली पडला. नाशिकला दवाखान्यात नेलं, तिथून घरी आणलं, आणि पडवीतल्या खाटेवर ठेवलं.

सुरुवातीचे महिने तो तिच्याकडे बघायचाही नाही. भरवलं तर खायचा. माशी बसली तर बसू द्यायचा. झुंबरबाई त्याच्याशी बोलायची आणि आपलाच आवाज ऐकून गप्प व्हायची. घरात माणूस असून घर रिकामं होतं. एक दिवस विळा आणि दगड घेऊन ती त्याच्या उशाशी बसली ती फक्त त्याच्यावर लक्ष राहावं म्हणून. विळ्याची धार तिला येत नव्हती. वेडीवाकडी घासत होती. आणि एकाएकी खाटेवरून आलं, "नाय."

तिला आधी वाटलं त्याला काही हवंय. पाणी दिलं. त्यानं तोंड फिरवलं. ती पुन्हा घासायला लागली तर पुन्हा, "नाय." मग तिच्या ध्यानात आलं. ती पातं कमीजास्त कलवत गेली, तो नाय नाय म्हणत गेला, आणि जेव्हा पहिल्यांदा 'हं' आलं तेव्हा झुंबरबाई विळा खाली ठेवून पदरात तोंड घालून रडली. बुधा घरात होता.

तेव्हापासून ती गरजेपेक्षा जास्त धार लावायची. शेजारणी हसायच्या. फुलाबाई तर तोंडावर म्हणाली, "झुंबर, विळ्याची पार सुई करशील गं."

या वर्षी पश्चिमेच्या बाजूची वई घालायची होती. नेमकी ती खाटेसमोरची. बुधा आजारी पडल्यापासून कोणी हात न लावल्यानं ती पुरुषभर उंच गेली होती आणि बुडाशी उघडी पडली होती. तिच्यातून पलीकडचा नाला दिसायचा. बुधा दिवसभर त्या भोकांकडे बघत पडायचा. कधी डावा हात उचलून तिकडे दाखवायचा. होळीनंतर गावची जनावरं मोकळी सुटतात, आणि वईच्या आतच नागलीचं रोप टाकायची जागा. वई जगली तर रोप जगेल, रोप जगलं तर लावणी होईल. शिवाय झुंबरबाईनं त्याला म्हटलं होतं, "मी निजवते. तू फक्त धार ऐक. चैत्रात बघ कशी कोंबानं भरती."

"हं," तो म्हणाला होता.

त्याचा पुतण्या धनराज अंबडच्या कारखान्यात कामाला होता. सुट्टीला आला की काकीच्या घरी डोकावायचा. "काकी, सरळ तारेचं कुंपण मारू. कशाला मरतीस?"

"तारंला पालवी फुटती का रं?"

"पालवी काय खायचीय?"

"त्याला बघायचीय," ती म्हणाली. 

होळीच्या आधी राब भाजायचा होता. रोपाच्या जागेवर ऐनाच्या पाल्याच्या फांद्या, शेण, गवत, वर मातीची भुकटी असे थर रचायचे आणि पेटवून द्यायचे, की ती जमीन रोपाला तयार होते. झुंबरबाई सकाळपासून थर रचत होती. वईचा कोयता तिनं आणला होता, कारण राब रचून झाला की लगेच वईचा पहिला सोट निजवायचा तिचा बेत होता. रचता रचता पडवीतून धप्प आवाज आला. बुधा खाटेवरून घसरला होता. तिनं हातातला कोयता तिथंच ढिगात खुपसला आणि धावली. त्याला उचलताना, पुसताना, पुन्हा नीट निजवताना वेळ गेला. तोवर धनराज आला होता. वारा पडलाय असं बघून त्यानं काकीचं काम हलकं करावं म्हणून राब पेटवून दिला.

तिला आठवलं तेव्हा ज्वाळा उतरून आत निखारा धुमसत होता. राब तसाच हळू जळतो, आतल्या आत, दिवसभर. दुसऱ्या दिवशी राखेत काठी फिरवून तिनं कोयता काढला. मूठ जळून गेली होती. पातं होतं. वाकलं नव्हतं, तुटलं नव्हतं. नुसतं काळंनिळं पडलं होतं.

"काकी, माझ्यामुळं झालं," धनराज म्हणाला.

"काय झालंय? पातं धड हाय," ती म्हणाली. "लोखंड आगीतनंच येतं. आगीनं त्याला काय होतंय? ह्याला सांगू नको मातर. उगं जीवाला लावून घेल."

लोहाराच्या हातून कोयता घरी यायचा आणि घरी बुधाच्या हातात जायचा. तापलेलं पातं पाण्यात का बुडवतात, आणि त्यानं पात्यात जे येतं ते पुन्हा आगीत घातलं तर जातं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं राखेनं घासून पातं लखलखीत केलं. मांडवातल्या लाकडाची नवी मूठ बसवली. आणि पडवीत फळी टाकली.

पहिल्याच फेऱ्याला बुधानं डोळे उघडले.

"नाय."

तिनं कलतं धरलं. "नाय." उभं धरलं. "नाय." पाणी घातलं, दगडाची दुसरी बाजू घेतली. धार तर येत होती, अंगठ्याला लागत होती. एरवीपेक्षा लवकर आली होती. पण खाटेवरून एकच आवाज येत होता, आणि तो मोठा होत चालला होता. बुधा डावा हात खाटेवर आपटायला लागला. "नाय. नाय. नाय."

"आता काय झालं?" झुंबरबाई ओरडली. "आली की धार! हे बघ!" तिनं निरगुडीची काडी त्याच्यासमोर धरून कापली. सपकन कापली. "दिसलं? का डोळं पण गेलं?"

बुधानं हात आपटणं थांबवलं. तिच्याकडे बघत राहिला. तिनं नजर काढून घेतली. त्याला मूठ नवी दिसली असेल का, हा विचार तिच्या मनात आला आणि तो तिनं तिथंच टाकला. करवंदीला फूल येऊन गेलं होतं. निरगुडीच्या टोकांना पालवीची लाली दिसत होती. एकदा रस वर चढला की सोट निजवता येत नाही. बुधाचा कान गेला, असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि कोयता घेऊन उतरली.

पहिले काही घाव चांगले बसले. मग कोयता अडायला लागला. आत जायच्या जागी ढकलत होता. सालीची पट्टी उचलली जायची, सोट चिरत वर फाटायचा. तिनं धारेला हात लावला तर धार एका अंगाला मुडपली होती, पत्र्याच्या काठासारखी. तिनं वईपाशीच दगडावर पुन्हा लावली. काडी कापली गेली. चार सोट झाले की पुन्हा मुडपली. ती पडवीत गेली नाही. घरामागं, जिथून खाट दिसत नाही तिथं, निसणा मांडला आणि दिवसभर लावत राहिली, तोडत राहिली, लावत राहिली. दगडावर काळा लगदा जमायचा तो पाण्यानं धुवायची. दर खेपेला पातं थोडं अरुंद होत होतं.

पण सगळी बाजू तिनं निजवली. लांबून बघितलं तर सुरेख दिसत होती, एकात एक गुंफलेली. संध्याकाळी तिनं बुधाची खाट जरा पुढं ओढली. "बघ. घातली का नाय?"

बुधानं बघितलं. हं म्हणाला नाही. नायही म्हणाला नाही.

चैत्रात नाल्यापलीकडच्या वया हिरव्या झाल्या. पाडव्याला लोकांनी तिकडचे कोवळे डहाळे तोडून दारांना लावले. झुंबरबाई रोज उठून आपल्या वईपाशी जायची, नखानं साल खरवडून बघायची. आत हिरवं असतं तर आशा. पहिल्यांदा हिरवं होतं. मग पिवळट झालं. मग तपकिरी. फाटलेल्या सालीतून बोटभर लाकूड सुकत गेलं आणि निजवलेला सोट न् सोट वाळला. खाली मुळाशी मोजके कोंब आले, ते शेळ्यांनी खाल्ले. ऊन जास्त होतं, सोट जुने होते, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. बुधा तिच्या समोरच पडलेला असायचा. ती दुसरीकडे बघून सांगायची.

पडवीत फळी टाकायचं तिनं बंद केलं होतं. टाकली तर तो काय म्हणेल, याची तिला भीती वाटायची.

वाळक्या वईवर तिनं काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, रचल्या. ज्येष्ठात राबावर नागली टाकली, ती उगवली, वीतभर झाली. आणि एका दुपारी ती विहिरीवर गेलेली असताना जनावरं आली. वाळलेले सोट त्यांच्या छातीनं काडकाड मोडले. ती डोक्यावर हंडा घेऊन चढण चढत होती तेव्हा तिला लांबून एक आवाज ऐकू यायला लागला. कोणीतरी आरोळी मारतंय असं आधी वाटलं. मग कळलं. "नाय. नाय. नाय." हंडा टाकून ती पळाली.

पोचली तेव्हा गाई रोपात बसून रवंथ करत होत्या. तिनं त्यांना हाकललं. रोपाच्या जागी खुरांचे खड्डे होते, त्यात पाणी. पडवीत बुधा खाटेच्या कडेला आला होता. त्याचा आवाज बसला होता, नुसता वारा निघत होता. डावी मूठ आपटून आपटून सोलली होती. तिनं ती पदरानं बांधली. दोघांपैकी कोणीच कोणाकडे बघितलं नाही.

बाजारच्या दिवशी ती कोयता घेऊन पेठला गेली. पाल प्लास्टिकखाली होतं. सिंधुबाई म्हातारी झाली होती. नवरा गेला होता, घण आता सून मारत होती. कोयता हातात घेऊन तिनं नखानं टिचकी मारली.

"हा आमचाच. त्या वाजवून घेणाऱ्या भावाचा ना? कुठं हाय तो?"

"घरी. पडून हाय."

सिंधुबाईनं पुन्हा टिचकी मारली. "आगीत पडला होता का गं?"

झुंबरबाईनं मान डोलावली.

"पाणी उतरलं याचं. लोखंड मऊ पडलंय. धार येती, पण टिकत नाय. त्याला नाय का कळलं? त्यानं तर ऐकल्याबरोबर सांगितलं असतं."

"सांगितलं."

"मंग?"

 सिंधुबाई पात्यावरून बोट फिरवत होती. "तवाच आणला असतास तर एका तावात पाणी चढवून दिलं असतं. आता घासून घासून अंगच ठेवलं नायस याच्यात. भट्टीत घातला तर फाटंल." तिनं कोयता परत दिला. "शेजारच्या दुकानात मिळतात तयार. पण वाजवून नको घेऊस. वाजत नाय त्यातला एक पण."

झुंबरबाईनं त्या दुकानातल्या ढिगातला वरचा एक उचलला. पत्र्याचा होता, मुठीला लाल रंग लावलेला.

घरी येऊन तिनं पडवीत फळी टाकली. ओलं फडकं, निसणा, पाण्याची वाटी. वई घातल्यापासून पहिल्यांदा. काट्या तोडायच्या होत्या, गाय पुन्हा आली तर उरलेलंही जाणार होतं. पण त्याहून तिला ऐकायचं होतं. तो नाय म्हणेल. ओरडेल, खाट आपटेल. त्यानं तसं करावं. मग ती म्हणणार होती, तुझं बरोबर होतं, माझं चुकलं, तुझा कोयता मी जाळला. वाटभर तिनं ते घोकलं होतं.

तिनं पातं दगडावर टेकवलं आणि पुढे सारलं. डबा खरवडल्यासारखा आवाज आला.

"हं," बुधा म्हणाला.

तिनं मान वर केली. तो तिच्याकडे बघत नव्हता. आढ्याकडे बघत होता.

तिनं पुन्हा सारलं. मुद्दाम वाकडं धरून.

"हं."

झुंबरबाईनं कोयता उलटा केला. धार वर, पाठ खाली. ती बोथट पाठ तिनं दगडावरून ओढली. घर्रकन आवाज झाला, अंगावर काटा येईल असा.

"हं," बुधा म्हणाला.

नाल्याच्या बाजूला कुठंतरी गाईच्या गळ्यातली घाटी वाजली. अगदी लांब. बुधाचे डोळे आढ्यावरून सरकले, वई होती तिकडे गेले, आणि परत आढ्यावर आले.

त्याला ऐकू येत होतं.

झुंबरबाईनं वाटीतलं पाणी दगडावर घातलं. पातं सरळ केलं आणि घासत राहिली. प्रत्येक फेऱ्याला खाटेवरून तोच आवाज येत होता, हलका, तिच्या मनासारखा. घोकलेलं तिनं काहीच सांगितलं नाही.